आबांच्या चेहऱ्यावरचे ठिपके

ती घटना आठवायची म्हटली की मला आधी ठाण्याच्या व्हरांड्यात ओळीने बसलेले सात म्हातारे आठवतात. सातही फेटेवाले, सातही पांढऱ्या मिशांचे, आणि सातांपैकी एकही हरवलेला नव्हता. त्यांना हरवलेलं आम्ही ठरवलं होतं. नेमकं सांगायचं तर मी ठरवलं होतं, बारामतीच्या एका दुकानात रंगीत प्रिंटरसमोर उभा राहून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. उसाचा हंगाम सरत आलेला. त्या दिवसांत आमचं बरंचसं काम म्हणजे मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अडवणं आणि त्यांच्या चालकांची तीच ती कारणं ऐकणं. अशात एका सकाळी, हजेरी संपता संपता, निरवांगीहून बाप-लेक ठाण्यात आले. बाप पंचेचाळिशीचा शेतकरी, मुलगी बारामतीच्या कॉलेजात शिकणारी. मुलीचे आजोबा, घरातले आबा, तीन दिवसांपासून बेपत्ता होते.

"तीन दिवस काय करत होता?" मी विचारलं.

"पाव्हण्याकडं गेलं असतील म्हणून वाट बघितली," बाप, म्हणजे आबांचा मुलगा, म्हणाला. "सगळ्या पाव्हण्यांकडं जाऊन आलो. कुठंच न्हाईत."

मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली. वय अंदाजे पंचाहत्तर, रंग सावळा, मिशा पांढऱ्या, अंगात बंडी आणि धोतर, डोक्याला फेटा, कानाने कमी ऐकू येतं. हे वर्णन तालुक्यातल्या निम्म्या वृद्धांना लागू पडतं, हे लिहितानाच माझ्या लक्षात आलं होतं. नोंद संपल्यावर मुलगी म्हणाली, "साहेब, आठ दिवसांनी माझी हळद हाय. आबा आल्याबिगर मी हळद लावून घेणार न्हाय. पिंपळीच्या सासरच्या पाव्हण्यांना मी तसं सांगितलंय."

"सांगितलंस पण?" बाप चमकून म्हणाला. ही बातमी त्याला आमच्याबरोबरच कळत होती.

हे कुटुंब मूळचं मेंढपाळ. आबांनी उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागे घालवली होती. नंतर पाणी आलं, ऊस आला, कळप मोडला. मुलाने मेंढरं फारशी वळलीच नव्हती आणि नातीला कळप आठवणं शक्य नव्हतं.

दुपारी घराचा पंचनामा केला. आबांची काठी नव्हती, खांद्यावरचं घोंगडं नव्हतं. माळ्यावर एक दोरी नुसतीच लोंबत होती. तिला काय बांधलेलं होतं, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, "जुनंपानं काहीतरी असंल आबांचं." मी वहीत लिहिलं : माळ्यावर एक दोरी रिकामी. लिहिलं आणि पान उलटलं.

संध्याकाळपर्यंत खबर आली. खबर आणणाऱ्याचं म्हणणं असं की आबा नाहीसे झाले त्याच्या आदल्या रात्री त्या घरातून मोठमोठ्याने आवाज येत होते. मुलाला पुन्हा बोलावलं.

"भांडण झालं होतं?"

"न्हाय साहेब."

"आवाज रस्त्यापर्यंत येत होता म्हणे."

"आबांना कमी ऐकू येतं. आमचं 'जेवायला चला' बी रस्त्यापर्यंत जातंय."

हे खरं होतं. शेजाऱ्यांनी दुजोरा दिला. पण तो बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या टेबलावरच्या शाईच्या डागाकडे पाहत होता. खोटं बोलणारा माणूस बहुधा डोळ्यांत पाहून बोलतो. लाजलेला माणूस डाग शोधतो. मी चहा मागवला आणि हवालदारांना बाहेर थांबायला सांगितलं.

कप अर्धा झाल्यावर तो बोलला. हळदीच्या वेळी नवरीला घोंगड्यावर बसवायचं, ही त्यांच्या घरातली रीत. घरात ठेवणीतलं जे दुसरं घोंगडं होतं त्याला कसर लागलेली. मुलाने बारामतीत हॉल घेतला होता, नवरीसाठी सजवलेली खुर्ची ठरवली होती. पाहुणे नोकरदार.

"मी म्हणालो, आबा, ते घोंगडं ऱ्हाऊ द्या आता, त्याचा वास येतोय. पाव्हण्यांत हसं हुईल." त्याने कप खाली ठेवला. "आबांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. सकाळी बघतो तर जागा रिकामी."

जबाब नोंदवून घेतला. आता प्रकरणाला वेगळं वळण लागत होतं. दुखावलेला म्हातारा, भोवताली विहिरी आणि पलीकडे नदी. माझा अनुभव असा की जीव द्यायला निघालेला माणूस अंगावरचं पांघरूण बरोबर नेत नाही. तरी अनुभवावर विसंबून रजिस्टर बंद करता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन विहिरींत गळ टाकले. गळ वर येईपर्यंत ती मुलगी काठावर उभी असायची. तिसऱ्या विहिरीतून एक फुटकी कळशी आली तेव्हा ती मोठ्याने हसली आणि मग तिथेच खाली बसली. मी तिला घरी जायला सांगितलं नाही. सांगून ती गेली नसती.

आबांचा एकच फोटो होता, साखरपुड्यातला. आठ-दहा माणसं, आणि उजव्या कडेला खांद्यावर घोंगडं टाकून आबा. त्यांचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा. तो मोठा करून सगळीकडे लावायचा असं ठरलं. बारामतीत एका डीटीपीच्या दुकानात संगणकाला जोडलेला नवा रंगीत प्रिंटर आला होता. आकाराने कपाटाएवढा. चालवणाऱ्या ऑपरेटर बाई तिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून काम करणाऱ्या.

त्यांनी फोटो स्कॅन केला. पडद्यावर आबा मोठे झाले.

"चेहरा उठून दिसला पाहिजे," मी म्हणालो. "बाकी काही नको."

"साहेब, तुम्ही ह्याच्या झेरॉक्स काढणार ना?"

"शंभरएक तरी."

"मग ठिपका मोठा ठेवावा लागेल."

त्यांनी बटणं दाबली. मी अजून उजळ करा म्हणालो, त्यांनी केलं. अजून ठसठशीत म्हणालो, तेही केलं. त्या एकदा म्हणाल्या, "जरा जास्तच होतंय, साहेब." मी घाईत होतो. खाकी कपड्यातला माणूस घाईत असला की समोरचा फार वाद घालत नाही, याचा तोटा मला त्या दिवशी कळला नाही. प्रिंट निघाला. त्याच्या झेरॉक्स इंदापूर, बारामती, भवानीनगर, एसटी स्टँड, दवाखाने, सगळीकडे चिकटवल्या.

मग म्हातारे येऊ लागले.

पहिला फोन एसटी स्टँडवरच्या हॉटेलातून आला. "साहेब, पोस्टरवरचे बाबा हितं भजी खात्यात. तोंडावर देवीचे वण हायेत, सेम." हवालदारांनी गाडी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात जण झाले होते. लोकांनी चांगल्या मनाने केलं होतं. एकाला तर त्याच्याच व्याह्याने धरून आणलं होतं, म्हणे पोस्टर बघितल्यापासून संशय येत होता.

सातांपैकी पाच जणांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. मला हे विचित्र वाटलं, पण तेवढंच. प्रत्येकाची चौकशी झाली. सहावे बाबा अतिशय सहकार्य करणारे होते.

"तुम्ही निरवांगीचे?"

"व्हय."

"घरात न सांगता निघालात?"

"व्हय. मला कोण इचारतंय."

"नातीचं लग्न आहे?"

"असंल की. कवा हाय?"

मी त्यांना ओळख पटवण्यासाठी बसवून ठेवलं. तेवढ्यात त्यांचा मुलगा भवानीनगरहून मोटरसायकलवर धडकला. "ह्यांना दातांच्या डॉक्टरकडं सोडलं हुतं! तुमी उचलून आणलं?" बाबा शांतपणे म्हणाले, "तितं लई गर्दी. हितं च्या तरी मिळाला."

ओळख पटवायला निरवांगीहून नातीला बोलावलं होतं. ती आली, व्हरांड्यातल्या सातांवरून नजर फिरवली, एकेकाला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली.

"ह्यातलं कोणच न्हाय."

तिची नजर भिंतीवरच्या पोस्टरकडे गेली. जवळ जाऊन तिने ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हे कोण?"

"आबा. तुमच्याच फोटोवरून काढलंय."

"आमच्या आबांना देवी कधी आल्या?"

लिहिणाऱ्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"आन् घोंगडं कुठंय?" ती म्हणाली. खांद्यावर एक सपाट काळा डाग होता, डांबर ओतावं तसा. "त्वांडावरनं कोण वळखणार साहेब? आमच्यातली म्हातारी माणसं लांबून येणाऱ्याचं घोंगडं बघत्यात आन् सांगत्यात कोण येतंय. आबा तर तसंच वळखायचे सगळ्यांना."

मी तिला आणि मूळ फोटोला घेऊन त्याच गाडीतून बारामती गाठली.

ऑपरेटर बाईंनी पोस्टर हातात घेतलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि एका मिनिटात गुन्हा उकलला. गुन्हेगार अर्थातच मी होतो, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

"हा फोटो सिल्क पेपरवर आहे, साहेब. हात फिरवून बघा, बारीक खडबडीत लागतं. आणि मशीनला फिकट-गडद असं काही येत नाही. त्याच्याकडे चार रंग. तो बारीक-मोठे ठिपके मारतो आणि आपल्या डोळ्याला वाटतं की फिकट आहे, गडद आहे. ह्याला हाफटोन म्हणायचं. झेरॉक्ससाठी आपण ठिपका मोठा ठेवला. कागदाचे दाणे आणि आपले ठिपके एकमेकांत अडकले, चेहऱ्यावर जाळी पडली. झेरॉक्सने त्या जाळीचे खड्डे केले."

"आणि घोंगडं?"

"चेहरा उठवायचा म्हणून तुम्ही काळं-पांढरं ताणायला लावलंत. मग काळ्यातले सगळे ठिपके एकमेकांना चिकटले. आत जे होतं ते बुडालं."

"ते वर काढता येईल?"

"फोटोत असेल तर येईल. नसेल ते मशीन कुठून आणणार?"

त्यांनी फोटो पुन्हा स्कॅन केला, या वेळी किंचित मऊ ठेवून, म्हणजे कागदाचे दाणे विरघळतील. ठिपक्यांच्या ओळी दुप्पट दाट केल्या. ओळींचा कोन थोडा फिरवला. मग गडद भाग तेवढा उचलायला सुरुवात केली. चेहऱ्याला हात लावला नाही. एक प्रिंट काढला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, टाकला. दुसरा काढला. त्यात घोंगडं राखाडी झालं आणि मुलगी म्हणाली, "एवढं जुनं न्हाय ते, काळंभोर हाय." बाईंनी मान डोलावली आणि वाढवलेला उजेड थोडा कमी केला. तिसऱ्या प्रिंटला मशीन थोडा वेळ घुमत राहिलं.

कागद बाहेर आला तेव्हा आम्ही तिघंही एकदम वाकलो. आबांचा चेहरा साफ होता, डोळ्यांच्या कडेला हसण्याच्या सुरकुत्या. आणि खांद्यावरच्या काळ्यातून काठ वर आला होता : दोन पांढऱ्या रेघा, मध्ये एक तपकिरी, आणि कडेला लाल दोऱ्याचा तिरपा टाका.

"आबा!" मुलगी म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

बाईंनी पंचवीस प्रती काढल्या आणि मला बजावलं, "ह्याच्या झेरॉक्स काढायच्या नाहीत, साहेब. काढल्यात तर पुन्हा देवी येतील."

दुसऱ्या दिवशी बारामतीचा बाजार होता. मी साध्या कपड्यात मेंढ्यांच्या बाजारात गेलो. मुलगी बरोबर होतीच. या वेळी आम्ही 'ह्यांना पाहिलंत का' असं विचारलं नाही. प्रिंट पुढे धरायचा आणि गप्प राहायचं. पाचवा की सहावा माणूस मेंढ्यांचे दात तपासत बसला होता. त्याने मान तिरकी करून पाहिलं.

"म्हाताऱ्याचं ठावं न्हाय. पर घोंगडं तात्याचं हाय."

"कोण तात्या?"

"नदीपल्याड, नातेपुत्याच्या अलीकडं. हातमागावर इणतोय. ह्यो तिरपा टाका दुसरं कोण घालत न्हाय. मीबी त्याचंच घेतलंय, बघा." त्याने खांद्यावरचं घोंगडं उलटून काठ दाखवला. लाल दोरा तिरपा गेला होता.

नदीपलीकडे म्हणजे सोलापूर जिल्हा. आमच्या सगळ्या झेरॉक्स नदीच्या अलीकडे थांबल्या होत्या, कारण आमची हद्द तिथे संपत होती. आबांना ती हद्द ठाऊक नव्हती. पलीकडच्या ठाण्याला बिनतारी संदेश दिला आणि दुपारी आम्ही निघालो. मुलाला वाटेत निरवांगीत घेतलं.

तात्यांचं घर वाडीच्या टोकाला. अंगणात खळ दिलेला उभ्या सुताचा ताणा वाळत होता, चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता. आतून मागाचा ठोका ऐकू येत होता. दारातून वाकून पाहिलं, तर मागाशेजारी पोत्यावर मांडी घालून, काठी आडवी ठेवून, आबा बसले होते. नजर धोट्यावर. धोटा डावीकडे गेला की मान डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे.

मी मोठ्याने म्हणालो, "आबा, तुम्ही हरवलाय!"

"कोण? मी? मी हितं बसलोय की."

"घरी सांगून आला नाहीत."

"आठ-धा दिसाला काय सांगायचं?" त्यांना खरोखरच समजेना. "आमी कोकणात जायाचो तवा सा-सा म्हयनं जायाचो. म्हातारी कधी चौकीत गेली न्हाय."

मागावरचे तात्या म्हणाले, "साहेब, तुमीच न्या ह्यांना. ह्यांनी सूत दिलं, मी म्हटलं चार दिसानं या. तवापासनं हलंना झाल्यात. दुसरं सूत मिसळंल म्हणून राखण बसल्यात माझ्यावर."

"कसलं सूत?" मुलाने विचारलं.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग नातीकडे पाहून सांगितलं. कळप मोडला त्या साली शेवटची लोकर कातरली होती. आजीने ती कातून ठेवली होती, नात तेव्हा पाळण्यात होती. त्या सुताचे गुंडे माळ्याला टांगून ठेवलेले. आजी गेली, गुंडे राहिले. "तुझा बा म्हणला, जुन्याला वास येतोय. बराबर हाय त्याचं, येतोय वास. मग म्हटलं नवं आणू."

माझ्या वहीतली रिकामी दोरी मला तेव्हा आठवली.

मुलगा दारातच उभा होता. तो आत गेला आणि आबांच्या शेजारी पोत्यावर बसला. आबा त्याच्या कानाशी, पण वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इतभर ऱ्हायलंय. बस गप."

नियमाप्रमाणे बेपत्ता व्यक्ती मिळताच तिला ताब्यात घेऊन जबाबासाठी ठाण्यात आणायचं असतं. मी गाडीतल्या हवालदारांकरवी संदेश पाठवला : व्यक्ती सुखरूप मिळून आली, परतण्यास दोन तास विलंब. कारणाच्या जागी काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काम चालू आहे असं सांगा. मग आम्ही सगळे त्या खोलीत बसलो. काठ जवळ आला तशी नात मागाशी सरकली. तात्यांनी लाल दोरा ओवला आणि पहिला तिरपा टाका तिला घालायला लावला. तो जरा वाकडा पडला. आबांनी तो काढू दिला नाही.

निघताना मी आबांना दोन्ही पोस्टर दाखवले. पहिलं त्यांनी दूर धरलं, जवळ धरलं आणि परत केलं. "गडी बरा दिसतोय. सापडला का?" दुसऱ्यावर त्यांनी अंगठा फिरवला, चेहऱ्यावर नव्हे, काठावर. "ह्ये मातर बेस आलंय."

हळद ठरल्या दिवशी झाली, हॉलमध्येच. सजवलेली खुर्ची मुलाने स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि घोंगडं अंथरलं. त्याला नव्या लोकरीचा वास येत होता, थोडा नव्हे, भरपूर. पिंपळीचे पाहुणे हसले नाहीत, उलट नवऱ्याच्या आजीने वाकून काठ हातात घेतला आणि विचारलं, "तात्याचं का?"

त्या प्रकरणाने माझी एक सवय मोडली. त्याआधी मी पंचांना, साक्षीदारांना, खबऱ्यांना प्रश्न विचारायचो तेव्हा मला हवं असलेलं उत्तर आधीच उजळ करून ठेवायचो, आणि बाकीचं सगळं काळ्यात बुडायचं. दुकानातून निघताना ऑपरेटर बाईंनी त्या तिसऱ्या प्रिंटची सगळी मापं एका चिठ्ठीवर लिहून दिली होती. चिठ्ठी निवृत्तीपर्यंत माझ्या डायरीत होती. नंतर प्रत्येक बेपत्ता माणसाचे मी दोन प्रिंट काढून घेत गेलो, एक चेहऱ्याचा आणि एक बाकी सगळ्याचा. आणि पंचनाम्यात रिकामी दोरी दिसली की पान उलटण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारत गेलो, सगळ्यात लहान माणसालाही.

लग्नाला मी गेलो होतो. त्या कुटुंबाने सातही बाबांना आमंत्रण दिलं होतं. आपल्यापायी त्यांना तरास झाला, असं मुलाचं म्हणणं. सातही आले होते. सहावे तर सकाळपासून आले होते. जेवणाच्या पंगतीत आठ फेटे एका ओळीत माझ्याकडे पाठ करून बसलेले दिसले. मला आबांचा निरोप घ्यायचा होता. मी चेहरे पाहायला पुढे गेलो नाही. मागूनच खांद्यांवरून नजर फिरवली, दोन पांढऱ्या रेघा आणि तिरपा लाल टाका शोधला, आणि सरळ चौथ्या पानाशी जाऊन वाकलो.